शिरोलंब कुठे गेला? नववीच्या भूमितीतला एक अनुभव

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या, तालुक्याच्या गावातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेचं आहे. शैक्षणिक वर्ष 2023-24, इयत्ता नववी, गणित भाग 2. वर्गात 43 मुलं-मुली आणि शिकवणारी मी. शाळेचं नाव देत नाही. ज्या दोन विद्यार्थ्यांबद्दल जास्त लिहिणार आहे, त्यांना 'स' आणि 'र' म्हणते.

'स' ही वर्गातली हुशार समजली जाणारी मुलगी. पक्ष (जे दिलंय ते), साध्य (जे सिद्ध करायचं ते), सिद्धता अशी नीट मांडणी, त्रिकोणांच्या एकरूपतेच्या बाकोबा, कोबाको, कर्णभुजा या कसोट्या कुठे लावायच्या ते पाठ, वही बघत राहावी अशी. 'र' मामाच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला बसणारा. हात चलाख, पण सिद्धता लिहायची म्हटलं की पान कोरं.

एके दिवशी फळ्यावर मी एक त्रिकोण तिरका काढला आणि 'स'ला म्हटलं, "बिंदू ए मधून समोरच्या बाजूवर शिरोलंब काढ." तिने खडू ए वर ठेवला आणि सरळ खाली, फळ्याच्या कडेकडे रेघ ओढली. समोरची बाजू तिरकी होती, शिरोलंबाने तिच्याशी काटकोन करायला हवा, तो होतोय का हे तिने पाहिलंच नाही. तिच्या मनात शिरोलंब म्हणजे वरून खाली येणारी रेघ, कारण पुस्तकात आणि माझ्या फळ्यावर तो कायम तसाच आलेला. मग मी विशालकोन त्रिकोण काढून शिरोलंब त्रिकोणाबाहेर पडलेला दाखवला. त्यावर ती अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, असा नसतो. शिरोलंब आतच असतो."

चूक तिची नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही मुलांना त्रिकोणाचं एकच चित्र दाखवतो, आडवा पाया आणि वर टोक. मुलं त्या चित्राचीच व्याख्या करतात. ते चित्र हलवून दाखवायचं म्हणून मी संगणकाकडे वळले.

जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर निवडण्यामागे साधी कारणं होती. शाळेत फुकट वापरता येतं, आणि क्लासिक 5 ही आवृत्ती एकदा बसवली की इंटरनेटशिवाय जुन्या यंत्रांवरही चालते. 2001 साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधाचं काम म्हणून हे सॉफ्टवेअर सुरू केलं. भूमितीची आकृती आणि तिचं बीजगणित शेजारी शेजारी दिसावं, हा त्यामागचा विचार. मी स्वतः ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे धडे बघत रात्री घरी शिकले. आमच्या संगणक कक्षात 11 यंत्रं चालू होती. म्हणून वर्ग अर्धा अर्धा करून, एका यंत्रावर दोघं, आठवड्याला एक जोडतास असं ठरलं. 'स' आणि 'र' यांची जोडी मी मुद्दाम लावली.

अडचण

पहिल्या आठवड्यात मी एक पायऱ्यांचा कागद वाटला. कुठलं बटण, कुठे क्लिक, मग काय. तास छान पार पडला. सगळ्या पडद्यांवर हुबेहूब सारखे त्रिकोण आले, मुलं खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "काल काय काढलं?" उत्तर आलं, "चौथ्या बटणातलं तिसरं." मुलं भूमिती नव्हे, मेनू शिकली होती.

त्यापेक्षा मोठी अडचण तिसऱ्या आठवड्यानंतर घटक चाचणीत दिसली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश असते हे सिद्ध करायचं होतं. बऱ्याच मुलांनी सिद्धता लिहिलीच नाही. "कॉम्प्युटरवर त्रिकोण कसाही ओढला तरी 180 येते, म्हणून सिद्ध," एवढंच. त्यात 'र'चं उत्तर होतं याचं आश्चर्य वाटलं नाही. पण 'स'नेही तसंच लिहिलं होतं. जूनमध्ये हीच सिद्धता तिला तोंडपाठ होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, दिसतंय तर सिद्ध कशाला करायचं?"

हा प्रश्न मला झोंबला. कारण तो बरोबर होता. पाठ केलेली सिद्धता तिला कधी पटलीच नव्हती. आता पटायला एक सोपी गोष्ट मिळाली, तर ती अवघड गोष्ट टाकून देणारच.

याच सुमारास एका मुलाचे वडील भेटायला आले. "मॅडम, मोबाइल मुश्किलीने काढून घेतला होता, तुम्हीच परत हातात दिलात." मी घरी सरावासाठी मोबाइलवरचं ॲप सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं मी मान्य केलं. त्या दिवसापासून घरचा सराव कागदावर आणि पडदा फक्त शाळेत.

समोर असलेले पर्याय

एक पर्याय सरळ होता. हे सगळं थांबवावं आणि खडू-फळ्याकडे परत जावं. स्टाफरूममध्ये दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांचा हाच सल्ला होता. तो हलका नव्हता. पुढच्याच वर्षी दहावी, भाग 2 चा 40 गुणांचा पेपर आणि त्यात रचना कंपासने कागदावरच करायच्या.

दुसरा, सॉफ्टवेअर फक्त माझ्या हातात ठेवून प्रोजेक्टरवर दाखवावं. वेळ वाचेल, गोंधळ होणार नाही. पण मग तो हलणारा फळाच. बिंदू ओढणारा हात माझा असणार आणि 'काय होईल' ही उत्सुकताही माझीच.

तिसरा, यंत्रं मुलांकडेच ठेवायची आणि कामाचं स्वरूप बदलायचं. 'पाहा' असं सांगणारं काम बंद करून 'बांधा' असं सांगणारं काम द्यायचं. यात धोका होता. अशा कामांना वेळ किती लागेल याचा अंदाज नव्हता आणि अभ्यासक्रम मागे पडला तर उत्तर मलाच द्यायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिसऱ्याच्या बाजूने ठरवलं, पण मुदत घालून. त्रिकोणाचा धडा संपेपर्यंत फरक दिसला नाही, तर प्रोजेक्टर.

काय केलं

पायऱ्यांचे कागद बंद झाले. सुट्टीनंतरचा पहिला तास एका वाक्यावर चालला: "समभुज त्रिकोण बनवा. मग शेजारची जोडी तुमच्या जागेवर येईल आणि तो मोडायचा प्रयत्न करेल. मोडला नाही तर तुमचा."

'र'ने माउस घेतला. तीन बिंदू टाकले, रेखांनी जोडले, बाजूंची लांबी दाखवायला लावली. मग चाकाने आकृती मोठी करून करून वरचा बिंदू केसाइतका इकडे-तिकडे सरकवला, तिन्ही बाजूंवर 5 येईपर्यंत. पडद्यावर एकदम देखणा समभुज त्रिकोण. शेजारची मुलगी आली, एक शिरोबिंदू धरला, ओढला आणि त्रिकोण वेडावाकडा झाला. 'र'ने पुन्हा जुळवला, तिने पुन्हा मोडला. तिसऱ्यांदा तो चिडला. "मॅडम, हा टिकणारच नाही. तीनही बिंदू मोकळे आहेत."

मला जे शिकवायचं होतं ते त्याने स्वतः म्हटलं होतं. मी फक्त विचारलं, "मग तिसरा बिंदू मोकळा ठेवायचा नसेल तर तो कुठे असायला हवा?" 'स' वहीत बघत म्हणाली, "ए पासून एबी एवढ्या अंतरावर. आणि बी पासूनही तेवढ्याच." "ए पासून तेवढ्या अंतरावर कुठे कुठे असू शकतो?" थोडा वेळ शांतता. मग 'र'च म्हणाला, "गोल." ए केंद्र घेऊन बी मधून जाणारं वर्तुळ, बी केंद्र घेऊन ए मधून जाणारं वर्तुळ, दोन्ही जिथे छेदतात तिथे सी. शेजारीण परत आली. ए ओढला, त्रिकोण लहान-मोठा झाला, फिरला, पण समभुजच राहिला. सी ओढायला गेली तर तो हलेचना. जिओजेब्रात मोकळा बिंदू निळा दिसतो आणि दुसऱ्यांवर अवलंबून असलेला काळा. सी काळा होता.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाची पहिली प्रतिज्ञा म्हणून मांडलेली रचना हीच. मी ते त्या दिवशी मुलांना सांगितलं नाही, पुढच्या तासाला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती युक्लिडची झाली असती, त्यांची नाही.

तेव्हापासून वर्गात दोन शब्द रूढ झाले: 'काढलेली' आकृती आणि 'बांधलेली' आकृती. काढलेली ओढली की मोडते, बांधलेली टिकते. पक्ष म्हणजे आपण जे बांधलं ते, साध्य म्हणजे जे आपोआप टिकतंय ते. ही जोडणी मी अनेक वर्षं शब्दांनी समजावत होते, ती या खेळात एका तासात झाली.

पण 180 अंशांचा प्रश्न बाकी होता. तो 'स'च्याच वहीने सोडवला. मी प्रत्येक जोडीला म्हटलं होतं, त्रिकोण ओढा आणि पडद्यावरचे तीन कोन हाताने वहीत लिहून बेरीज करा. 'स'चे आकडे होते 59.45, 60.28 आणि 60.28. बेरीज 180.01. तिने तीनदा केली, मग हात वर केला. "मॅडम, कॉम्प्युटर चुकला."

वर्ग जागा झाला. कुणी म्हणालं माउस हलला असेल. कुणी म्हणालं यंत्र जुनं आहे. 'र'ने खालच्या ओळीत तिन्ही कोनांची बेरीज टाकून बघितली, तिथे मात्र 180 च आले. मग हळूहळू उलगडलं. सॉफ्टवेअर प्रत्येक माप दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून दाखवतं. खरे कोन 59.446, 60.276 आणि 60.278 असे काहीतरी असले, तर बेरीज 180 च असते, पण दाखवताना तिन्ही वर ढकलले जातात. म्हणजे पडद्यावर दिसतं ते माप, आणि मापात कायम थोडी कसर असते. मी विचारलं, "मग नक्की 180 च, 180.0001 नाही, हे कशावरून?" यावर कुणी "दिसतंय ना" असं म्हणालं नाही.

तिथेच, त्याच आकृतीत, मी त्यांना ए मधून बीसीला समांतर रेषा काढायला लावली. आता ए जवळ तीन कोन शेजारी शेजारी आले, मिळून सरळ कोन. बाजूचे दोन कोन म्हणजे बी आणि सी चे व्युत्क्रम कोन, म्हणून त्यांच्याएवढेच. ए कुठेही ओढा, समांतर रेषा बरोबर येते आणि व्युत्क्रम कोन जोडीने बदलतात. 'स' काही वेळ नुसती ओढत राहिली. मग माउस सोडून तिने वही ओढली आणि सिद्धता लिहून काढली. जूनमधलीच सिद्धता, तेच शब्द. पण या वेळी मध्येच थांबून तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि 'र'ला म्हणाली, "हा कोन इथे आला, बघ."

शिरोलंबाची गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यातली. मुलांनी त्रिकोण बांधला, ए मधून रेख बीसीवर लंबरेषा टाकली, छेदनबिंदूला डी नाव दिलं, एडी जोडला, लंबरेषा लपवली. सुंदर शिरोलंब. मग ए उजवीकडे ओढत नेला. डी रेख बीसीवरून सरकत सरकत सी पर्यंत गेला आणि ए त्याच्याही पुढे गेल्यावर डी गायबच झाला. एडीसुद्धा. कक्षात एकच आरडाओरडा, "शिरोलंब गेला!" 'स' माझ्याकडे बघून म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, बाहेर नसतो!"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही कळलं नव्हतं. मग लक्षात आलं. छेद आम्ही रेख बीसीशी घेतला होता. रेख सी पाशी संपते, त्यापुढे छेदायला काही नाहीच. मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर दोनच शब्द लिहिले: रेख आणि रेषा. पहिल्या धड्यात हा फरक मुलांनी कंटाळत, एका गुणासाठी पाठ केला होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "रेषा संपत नाही." सगळ्यांनी बी आणि सी मधून रेषा टाकली, छेद तिच्याशी घेतला. आता ए बाहेर गेला तरी डी रेषेवर सरकत पुढे गेला आणि शिरोलंब त्रिकोणाबाहेर, काटकोनात, ठाम उभा राहिला.

माझ्या शिकवण्याच्या दिवसांतला हा एक फार समाधानाचा तास. तो मी ठरवून घडवलेला नव्हता. सॉफ्टवेअर इतकं काटेकोर होतं म्हणून व्याख्येला किंमत आली.

बाकी अडथळे किरकोळ होते. मेनू इंग्रजीत होता, म्हणून भिंतीवर मराठी शब्दांचा तक्ता लावला: लंबरेषा, लंबदुभाजक, कोनदुभाजक, छेदनबिंदू. कोन मोजताना बिंदूंचा क्रम उलटा झाला की 60 ऐवजी 300 अंश दिसायचे. त्रिकोणाच्या बिंदूंवर घड्याळाच्या दिशेने क्लिक करायचं हे मुलांनीच शोधून एकमेकांना सांगितलं. वीज गेली की कंपासपेटी.

परिणाम

वार्षिक परीक्षेत 'स'ने सिद्धता पूर्वीसारख्याच नेटक्या लिहिल्या. फरक आकृत्यांमध्ये होता. एका प्रश्नात तिने मुद्दाम विशालकोन त्रिकोण काढला होता आणि समासात लिहिलं होतं, 'लघुकोन त्रिकोणासाठीही हेच'. 'र' पास झाला, बऱ्यापैकी गुणांनी. तोंडी विचारलं तर तो कारण अचूक सांगतो. लिहिताना मात्र अजून पक्ष आणि साध्य यांची सरमिसळ करतो आणि गुण गमावतो. तो तोंडाने सांगतो त्याला उत्तरपत्रिकेत जागा नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक तोटाही झाला आणि तो लपवून उपयोग नाही. त्रिकोण रचनेच्या धड्यात मुलांचा हात बिघडलेला दिसला. कंपासचं टोक सरकायचं, पेन्सिल बोथट, कंस जाडजूड, लंबदुभाजक मिलिमीटरभर बाजूला. दोन महिने पडद्यावर बिनचूक वर्तुळं मिळाल्यावर हाताला घाई झाली होती. तो हात सुधारायला मला जादा तास घ्यावे लागले.

आज पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात पायऱ्यांच्या कागदाने करणार नाही. ते तीन आठवडे मी माझ्या भीतीपायी घालवले. वर्गात गोंधळ होऊ नये म्हणून मुलांना चुकायला जागाच ठेवली नव्हती. कोनांची आणि बाजूंची मापं पहिल्या दिवशी दाखवायला लावणार नाही. आकडे दिसले की मुलं आकृतीकडे बघायची थांबतात. घटक चाचणीतला तो प्रश्नही वेगळा विचारेन. 'सिद्ध करा' म्हणण्याआधी 'पडद्यावर पाहिलं ते पुरेसं का नाही' असं विचारेन, कारण मुलं तिथे अडली होती आणि मी थेट पुढचं विचारत होते.

सर्वांत मोठा बदल म्हणजे कागद आणि पडदा यांचा क्रम. चौकोनाच्या धड्यापासून मी तो बदलला. आधी वहीत अंदाज, मग कंपास आणि पट्टीने एक आकृती, मग पडदा, मग पुन्हा वहीत कारण. वेळ जास्त लागतो. दोन उदाहरणसंग्रह मला भरभर उरकावे लागले.

त्या क्रमाने घेतलेला पहिला तास सांगते. कुठलाही चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. वहीत प्रत्येकाची आतली आकृती समांतरभुज चौकोन दिसत होती. ही गोष्ट व्हेरिन्यॉन या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि ती 1731 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. पडद्यावर मुलांनी चौकोन वाट्टेल तसा ओढला, आतला समांतरभुज चौकोन टिकला. 'स'ने यंत्राकडे न बघता वहीत कर्ण काढला, दोन त्रिकोण दिसले आणि मध्यबिंदूंचं प्रमेय (त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेख तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते) लावून ती मोकळी झाली.

तेवढ्यात 'र'ने एक शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या पलीकडे नेला. चौकोनाच्या दोन बाजू एकमेकींना छेदू लागल्या, आकृती कागदी फुलपाखरासारखी झाली, आणि आत समांतरभुज चौकोन तसाच. 'र' म्हणाला, "अगं, तुझी सिद्धता इथे चालते का?" 'स'ने पडदा पाहिला, वही पाहिली, कर्ण पुन्हा बोटाने गिरवला. "चालते. कर्ण तोच आहे. पण हा चौकोन म्हणायचा का?"

दोघांनी पुस्तक उघडलं आणि चौकोनाची व्याख्या शोधायला लागले. तास संपल्याची घंटा झाली होती, मी त्यांना उठवलं नाही.